गळके धुराडे: पाणी कुठून शिरते ते आधी शोधा, मगच माल कालवा

धुराड्याजवळ छताला पिवळसर डाग दिसला की बहुतेक जण सीलंटची नळी घेऊन थेट छपरावर चढतात. दिसेल ती फट भरतात आणि पुढच्या पावसाची वाट बघतात. पुढच्या पावसात डाग पुन्हा ओला होतो, कारण पाणी दिसते तिथून ते शिरलेले नसते. वर कुठेतरी शिरून ते विटेतून, वाशावरून, खिळ्यावरून वाट काढत उतरते आणि अडेल तिथे टपकते. तेव्हा या कामात निम्मा वेळ शोधण्यात गेला तरी तो वाया गेला असे समजू नका. तपासणी खालून वर करायची आणि दुरुस्ती वरून खाली, हा क्रम मात्र सोडायचा नाही.

(इथे धुराडे म्हणजे स्वयंपाकघरात शेगडीवर लावतात ती विजेची चिमणी नव्हे. फायरप्लेस, स्टोव्ह किंवा बॉयलरचा धूर छपरातून वर नेणाऱ्या विटांच्या खांबाबद्दल हा लेख आहे.)

धुराड्याचे भाग

सगळ्यात वर धातूची टोपी असते. पाऊस, पक्षी आणि ठिणग्या अडवणे हे तिचे काम. तिच्याखाली धूरनळीचे तोंड. ही नळी भाजक्या मातीची किंवा स्टीलची असते. नळीपासून विटांच्या बाहेरच्या कडेपर्यंतची जागा झाकणारा काँक्रीटचा उतरता थर म्हणजे क्राउन. मग विटा आणि त्यांच्यामधल्या दरजा. धुराडे जिथे छपरातून बाहेर पडते, तिथला सांधा झाकणारा पत्रा म्हणजे फ्लॅशिंग.

फ्लॅशिंगचे दोन थर का असतात हे कळले की अर्धे काम कळले. धुराडे स्वतःच्या पायावर उभे असते, छप्पर भिंतींवर. ऊन, थंडी, लाकडाचे सुकणे-फुगणे यांनी दोन्ही वेगवेगळी हलतात. म्हणून खालचा पत्रा छपराबरोबर राहतो, वरचा पत्रा विटांच्या दरजेत खोचलेला असतो, आणि वरचा खालच्यावर नुसता पडतो. कोणीतरी ‘पक्के’ करायचे म्हणून खिळा ठोकून दोन्ही एकत्र जखडले की एक-दोन हिवाळ्यांत पत्रा फाटतो किंवा दरजेतून उपटून निघतो.

डाग कधी ओला होतो?

छपरावर जाण्याआधी दोन-तीन पावसांची नोंद ठेवा. पाऊस किती वाजता लागला, वारा कुठून होता, डाग किती वेळाने ओला झाला, एवढेच टिपायचे. कुठलेही यंत्र सांगणार नाही इतके ही नोंद सांगते.

पाऊस लागताच पाच-दहा मिनिटांत फायरप्लेसमध्ये थेंब पडू लागले, तर पाणी नळीच्या उघड्या तोंडातून सरळ खाली येते आहे. टोपी नाही, गंजली आहे किंवा उडाली आहे. धूर अडवण्याच्या झडपेवर तांबेरा चढलेला असला तर खात्रीच समजा.

जोराच्या पावसात अर्ध्या-पाऊण तासाने धुराड्याला लागून छताची कड ओली होत असेल, तर संशय फ्लॅशिंगवर. काही तासांनी, कधी तर पाऊस थांबून गेल्यावर, भिंतीवर रुंद ओल पसरत असेल, तर विटा आणि दरजा पाणी पिऊन ते सावकाश सोडत आहेत. साध्या सरींत काही नाही, पण एका ठरावीक दिशेने झड आली की गळते, तर त्या बाजूच्या दरजा आणि त्या बाजूचे फ्लॅशिंग पाहा. बर्फ वितळतानाच गळत असेल, तर आढ्याच्या दिशेची, म्हणजे धुराड्याची मागची बाजू बघा. पाखावरून घसरलेला बर्फ आणि पालापाचोळा तिथे अडून बसतो.

दोन प्रकारांत पावसाचा काही संबंधच नसतो, आणि लोक नेमके यांतच फसतात.

पहिला प्रकार सांद्रणाचा. बाहेर कोरडी थंडी, घरात गॅसवरचे उपकरण चालू, आणि धुराड्याच्या भिंतीवर तपकिरी ओघळ. एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होते. पूर्वी मोठ्या भट्टीसाठी बांधलेल्या रुंद नळीत आता एकटा लहानसा गीझर जोडलेला असेल, तर धूर वर पोहोचण्याआधीच गार होतो आणि ती वाफ नळीच्या आतल्या अंगाला धरते. त्या पाण्यात आम्ल असते आणि ते मालाला आतून खात जाते. बाहेरून कितीही सीलंट फासले तरी याला उतारा नाही. नळीत योग्य मापाचा स्टीलचा लायनर, म्हणजे आतून घालायची अरुंद नळी, बसवावा लागतो. उपकरणाच्या क्षमतेवरून त्याचे माप काढणे हे त्या कामातल्या माणसाचेच काम आहे.

दुसरा प्रकार क्षारांचा. वर्षानुवर्षे कोळसा आणि लाकूड जळून धुराड्याच्या विटांत आणि गिलाव्यात क्षार मुरलेले असतात. ते हवेतला दमटपणा ओढून घेतात. त्यामुळे दमट दिवशी, पाऊस नसतानाही, डाग ओला दिसतो आणि कोरड्या दिवशी आपोआप फिका पडतो. अशा ठिकाणचा गिलावा काढून टाकावा लागतो. वरून रंग दिला तर सहा महिन्यांत त्याचे पोपडे येतात.

भिंतीतून ओल येते आहे की खोलीतली वाफच भिंतीवर बसते आहे अशी शंका असेल, तर ३० सेंटिमीटर चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. प्लॅस्टिकच्या आतून दव जमले तर ओल भिंतीतली, बाहेरून जमले तर खोलीतली.

आतली पाहणी

विझून पूर्ण थंड झालेल्या फायरप्लेसमध्ये झडप उघडा आणि टॉर्च व आरसा घेऊन वर पाहा. काजळीवर वरून खाली उतरलेले स्वच्छ ओघळ दिसले तर ते पाण्याचे. नळीच्या तुकड्यांच्या सांध्यांवर पांढरट लोणा दिसला तर पाणी सांध्यांतूनही येते आहे. खाली राखेत भाजक्या मातीच्या पातळ खपल्या सापडल्या, तर नळी आतून फुटते आहे. मग गळतीचा विचार नंतर. त्या नळीत आग पेटवणे आधी बंद करा.

नंतर पोटमाळा. शक्य असेल तर पाऊस चालू असतानाच जा. वाशांवर आणि फळ्यांवर जुन्या ओलीच्या काळपट कडा दिसतात. ओघळाच्या रेषेवर बोट ठेवून ती वर कुठे जाते ते पाहत जा. रेषा धुराड्याच्या विटेपासून सुरू होत असेल तर दोष धुराड्याकडचा. रेषा धुराड्याच्याही वर, आढ्याकडून येत असेल, तर गुन्हेगार दुसराच आहे: फुटलेले कौल, पाइपभोवतीचे गळके बूच किंवा दोन पाखांमधली पन्हळ. बिचाऱ्या धुराड्यावर बऱ्याचदा असा खोटा आळ येतो. जागा सापडली की तिथे खडूने तारीख लिहून खूण करा. पुढच्या पावसात रेषा पुढे सरकली की नाही ते कळते.

छपरावर जाण्याआधी

छप्पर कोरडे हवे, वारा कमी हवा आणि खाली दुसरा माणूस हवा. शिडी चार हात उंच टेकत असेल तर पाया भिंतीपासून एक हात लांब, आणि शिडीचे टोक वळचणीच्या वर किमान एक मीटर. पट्टा आणि दोर पक्क्या आधाराला बांधा. धुराड्याला कधीही नाही. ज्याच्या दरजा सैल झाल्याच्या संशयावरून आपण वर चढतो आहोत, त्याच्यावर जीव टांगण्यात काय अर्थ? त्या धुराड्याला जोडलेले प्रत्येक उपकरण बंद करून ठेवा. नळीच्या तोंडाशी वाकून काम करणाऱ्याला कार्बन मोनॉक्साइडचा वासही येत नाही. दरजा ग्राइंडरने कापायच्या असतील तर सिलिकाच्या धुळीसाठी नीट बसणारा, बारीक धूळ अडवणारा मास्क वापरा. तोंडावर फडके बांधणे पुरेसे नाही.

धुराडे ओळंब्यात नसेल, एखादी वीट हाताने हलत असेल किंवा छप्पर फार उभे असेल, तर खाली उतरा आणि गवंडी बोलवा. सिमेंटच्या मालातले जुने धुराडे वाकलेले दिसते, त्याचे कारण बहुधा असे असते: झडीची बाजू कायम ओली राहते, धुरातल्या सल्फेटची सिमेंटशी क्रिया होऊन त्या बाजूचा माल फुगतो, आणि धुराडे कोरड्या बाजूला कलते. ते पाडून बांधावे लागते. दरजा भरून ते सरळ होत नाही.

पाण्याची चाचणी

पाहणीतून नक्की कळले नाही तर बागेचा पाइप वर न्या. पाइपाला फवाऱ्याचे तोंड लावू नका. दाबाचे पाणी जिथे पाऊस कधी जात नाही तिथेही शिरते आणि चाचणी खोटी ठरते. पाणी नुसते ओघळू द्यायचे. आत पोटमाळ्यावर टॉर्च घेऊन एक जण बसवा आणि दोघांत फोन चालू ठेवा.

१. धुराड्याच्या खालच्या अंगाला, नुसत्या कौलांवर १५ मिनिटे पाणी सोडा. इथेच गळले तर दोष छपराचा.
२. समोरच्या म्हणजे वळचणीकडच्या फ्लॅशिंगवर १५ मिनिटे.
३. एका कुशीचे फ्लॅशिंग, मग दुसऱ्या कुशीचे. प्रत्येकी १५ मिनिटे.
४. मागची बाजू. इथे २० मिनिटे द्या.
५. विटांचा एकेक चेहरा, फ्लॅशिंगच्या वरपासून क्राउनच्या खालपर्यंत. विटांना पाणी प्यायला वेळ लागतो, तेव्हा प्रत्येकी अर्धा तास.
६. शेवटी क्राउन. नळीच्या तोंडात पाणी जाऊ देऊ नका.

खालून वर का, तर वरून सुरुवात केली की पाणी सगळ्यांवरूनच ओघळते आणि कोण गळले ते कळत नाही. आतल्या माणसाने ‘आले’ म्हटले की पाणी बंद करा, ती जागा खडूने आखा आणि सगळे वाळू द्या. एक गळती सापडली म्हणून थांबू नका. जुन्या धुराड्यात बहुधा दोन तरी असतात, आणि एक बुजवल्यावर दुसरी दिसली की लोकांना वाटते पहिली दुरुस्ती फसली.

विटा की फ्लॅशिंग यावर अडलात तर आणखी एक उपाय आहे. फ्लॅशिंगच्या दोन बोटे वरपासून क्राउनच्या कडेपर्यंत विटा जाड प्लॅस्टिकने गुंडाळा, वरची कड चिकटपट्टीने बंद करा आणि एक मोठा पाऊस जाऊ द्या. गळती थांबली तर दोष विटांचा, चालूच राहिली तर खालचा किंवा अगदी वरचा. प्लॅस्टिक लावलेले असताना धुराडे वापरायचे नाही.

टोपी

हे सगळ्यात सोपे काम. स्टेनलेस स्टीलची टोपी घ्या. जस्त चढवून रंगवलेल्या लोखंडी पत्र्याची टोपी काही वर्षांत गंजते आणि गंजाचे ओघळ विटांवर उतरतात. नळी क्राउनच्या वर आलेली असेल तर तिचे बाहेरचे माप घेऊन बोल्टने आवळायची टोपी बसते. वर आलेली नसेल तर क्राउनवर स्क्रूने बसवायची पायवाली टोपी घ्या. जाळीचे भोक साधारण १२ मिलिमीटर. याहून बारीक जाळी काजळी-डांबराने तुंबते आणि धूर घरात परततो. जाळीची एकूण मोकळी जागा नळीच्या तोंडाच्या चौपट हवी. छोटीशी सुबक टोपी दिसायला छान, पण धूर कोंडते.

क्राउन

बऱ्याच धुराड्यांचे मूळ दुखणे इथे असते. बांधणाऱ्याने दिवसअखेरीस उरलेला विटकामाचाच माल नळीभोवती थापून उतार दिलेला असतो. तो पातळ असतो, विटांच्या कडेशी संपतो आणि नळीला घट्ट चिकटलेला असतो. नळी तापून वाढली की तो तडकतो, तड्यात पाणी जाते, थंडीत ते गोठते आणि तडा रुंदावतो.

तडे केसाएवढे, तीन मिलिमीटरच्या आत असतील आणि क्राउन ठोकल्यावर पोकळ वाजत नसेल, तर तारेच्या ब्रशने शेवाळ आणि सुटी खपली काढा, धुवा, लेपाच्या डब्यावर लिहिले असेल तितके वाळू द्या, तडे भरा आणि क्राउनसाठी मिळणारा लवचीक लेप ब्रशने दोन हातांत द्या. लेप बाहेरच्या कडेवरूनही खाली वळवा. पुढचे २४ तास पाऊस नसेल असा दिवस निवडा.

पोकळ वाजणारा, तुकडे सुटलेला क्राउन काढूनच टाका. आधी नळीच्या तोंडात चिंध्यांचा बोळा घाला, नाहीतर तुकडे खाली झडपेवर जाऊन बसतात. छिन्नी बाहेरून आत नव्हे, नळीपासून बाहेरच्या कडेकडे चालवा. नळी भाजक्या मातीची आहे, एका चुकीच्या घावाने फुटते. मग नवा क्राउन असा ओता:

विटांच्या चारही बाजूंना ५ सेंटिमीटर बाहेर येईल अशी फळ्यांची चौकट बांधा. चौकटीच्या तळाला, बाहेरच्या कडेपासून अडीच सेंटिमीटर आत, १० मिलिमीटर जाडीची दोरी किंवा गोल काठी ठोका. ती काढल्यावर क्राउनच्या पोटाला खाच राहते आणि ओघळणारे पाणी तिथेच तुटून थेंब होऊन पडते. ही खाच विसरली तर बाहेर काढलेल्या कडेचा उपयोग निम्मा होतो, कारण पाणी पोटाखालून वळून पुन्हा विटांवर येते. विटांच्या माथ्यावर प्लॅस्टिक किंवा डांबरी कागद अंथरा, म्हणजे काँक्रीट विटांना चिकटणार नाही. नळीभोवती १० मिलिमीटर जाडीची फोमची पट्टी गुंडाळा. नळीला वाढायला जागा हवी.

काँक्रीट १ भाग सिमेंट, २ भाग वाळू, ३ भाग बारीक म्हणजे १० मिलिमीटरपर्यंतची खडी. पाणी सिमेंटच्या वजनाच्या निम्मे. कडेला जाडी किमान ५ सेंटिमीटर आणि नळीकडे चढत जाणारी. नळी तयार क्राउनच्या वर ५ सेंटिमीटर तरी दिसली पाहिजे. धुराडे ६० बाय ९० सेंटिमीटरचे आणि नळी बाहेरून ३० बाय ३० ची असेल तर क्राउन ७० बाय १०० चा होतो. सरासरी साडेसात सेंटिमीटर जाडी धरली तर ४६ लिटर काँक्रीट लागते, म्हणजे तयार कोरड्या मिश्रणाच्या २५ किलोच्या चार पिशव्या. पाचवी वर नेऊन ठेवा. निम्म्यात माल संपला तर जोडाची रेघ राहते आणि तडा तिथूनच जातो.

ओतल्यावर ओल्या गोणपाटाने झाका आणि सात दिवस ओले ठेवा. उन्हात उघडे टाकले तर पहिल्याच दुपारी वर जाळीसारखे तडे येतात. आठवड्याने फळ्या सोडवा, फोम वरून थोडा उकरा आणि त्या खाचेत उष्णता सोसणारे सिलिकोन भरा. या सगळ्या कामात सिलिकोनची खरी जागा एवढीच.

दरजा भरणे

किल्लीच्या टोकाने दरज खरवडा. भुगा पडत असेल तर ती भरायला झाली आहे. दरज १० मिलिमीटर रुंद असेल तर माल २० ते २५ मिलिमीटर खोल उकरायचा, म्हणजे रुंदीच्या दोन-अडीच पट. वरवर चोपडलेला नवा माल एका हिवाळ्यात पापडासारखा सुटतो. दरजेच्या तळाचा कोपरा चौकोनी हवा, इंग्रजी व्हीसारखा निमुळता नको. ग्राइंडर वापरलात तर फक्त आडव्या दरजांच्या मधोमध एक काप घ्या आणि उरलेले छिन्नीने काढा. उभ्या दरजांत ग्राइंडर घातला की वरखालच्या विटा कापल्याच जातात.

मालाचा एकच दंडक: तो विटेपेक्षा मऊ हवा. ओल आणि ताण विटेतून नव्हे, दरजेतून बाहेर पडले पाहिजेत. दरज बदलता येते, वीट सहज बदलता येत नाही. जुन्या मऊ विटांत नुसत्या सिमेंटचा कडक माल भरला तर पाणी विटेतच कोंडते, गोठते आणि विटेचा चेहरा खपलीसारखा सुटतो. साधारण टणक विटांना सिमेंट, चुना आणि वाळू १:१:६. जुन्या मऊ विटांना १:२:९. मापे आकारमानाने, वजनाने नव्हे. चुना म्हणजे बांधकामाची हायड्रेटेड चुना पावडर.

किती लागेल? २१५ बाय ६५ मिलिमीटर चेहऱ्याच्या विटांच्या एक चौरस मीटर भिंतीत १० मिलिमीटरच्या दरजांची एकूण लांबी सुमारे १७ मीटर भरते. २० मिलिमीटर खोलीला साडेतीन लिटर माल. सांडलवंड धरून पाच लिटर कालवा. त्यासाठी पाच लिटर वाळू आणि सिमेंट-चुना प्रत्येकी सुमारे पाऊण लिटर. सिमेंट आणि चुना वाळूच्या कणांमधल्या पोकळीत बसतात, म्हणून एकूण माल वाळूएवढाच राहतो.

कोरडे मिसळून इतकेच पाणी घाला की मुठीत दाबल्यावर लाडू वळेल, पण हाताला ओल लागणार नाही. तासभर झाकून ठेवा, मग भरण्याजोगा होईल इतके थोडे पाणी घाला. आधी असा भिजलेला माल दरजेत कमी आकसतो. दोन तासांत संपेल एवढाच घ्या. घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो जिवंत होत नाही.

दरजा ब्रशने झाडा, पाणी मारा आणि वरचे पाणी निथळू द्या. वीट ओलसर हवी, चमकणारी नको. कोरडी वीट नव्या मालातले पाणी ओढून घेते आणि माल भुसभुशीत राहतो. बारीक पात्याच्या थापीने ६ मिलिमीटरच्या थरांत माल दाबून भरा. एक थर अंगठ्याने दाबल्यावर ठसा उमटेल पण बोटाला माल लागणार नाही असा झाला की पुढचा. शेवटचा थरही याच वेळी गोल सळईने किंचित खोलगट ओढा. फार लवकर ओढलात तर सिमेंटचे दूध वर येऊन पातळ कडक साय धरते, उशीर केलात तर कड सुटते. तीन दिवस दिवसातून दोनदा हलका फवारा. हवा ५ अंश सेल्सिअसखाली जाणार असेल तर काम पुढे ढकला.

चेहरा सुटलेल्या एकदोन विटा असतील तर भोवतीच्या दरजा काढून त्या बदला. ओळीच्या ओळी सुटल्या असतील तर छपराच्या वरचा भाग उतरवून पुन्हा बांधणेच स्वस्त पडते.

फ्लॅशिंग

आधी पत्रा जागेवर आहे का पाहा. बऱ्याचदा पत्रा धड असतो, फक्त वरची घडी दरजेतून निसटलेली असते. अशा वेळी दरज २५ मिलिमीटर खोल साफ करा, घडी पुन्हा खोचा, अर्ध्या मीटरवर शिशाची पाचर ठोका आणि दरज भरून घ्या. अर्ध्या दिवसाचे काम.

पत्राच फाटला किंवा गंजला असेल तर नवा घालावा लागतो, आणि तो घालण्याचा क्रम पाणी वाहण्याच्या उलट असतो. प्रथम वळचणीकडचा समोरचा पत्रा. विटांवर १५ सेंटिमीटर चढणारा, कौलांवर तेवढाच पसरणारा. मग कुशींना पायऱ्यापायऱ्यांनी काटकोनी तुकडे: कौलांची एक ओळ, एक तुकडा, पुन्हा एक ओळ, पुन्हा एक तुकडा. प्रत्येक वरचा तुकडा खालच्यावर किमान ५ सेंटिमीटर चढलेला. खिळा फक्त छपराच्या बाजूला आणि वरच्या कोपऱ्यात, जिथे पुढचा तुकडा त्याला झाकेल. कुशीला एकच लांब पत्रा वाकवून टाकला तर काम पटकन होते, पण एका जागी पाणी आत गेले की ते थेट खालपर्यंत धावते. पायऱ्यांमध्ये प्रत्येक तुकडा आलेले पाणी पुन्हा कौलांवर फेकतो.

शेवटी मागची बाजू. धुराडे आढ्याला समांतर मोजून ७५ सेंटिमीटरपेक्षा रुंद असेल, तर मागे दोन उतारांचे छोटे छप्परच बांधायचे. त्याला सॅडल म्हणतात, काही जण क्रिकेट म्हणतात. खेळाशी संबंध नाही. सॅडलमुळे पाखावरून आलेले पाणी दोन्ही कुशींना वळते, नाहीतर ते मागे तळे करून बसते. सॅडल नसलेल्या रुंद धुराड्यामागे कितीही चांगला पत्रा घातला तरी तो कुजत जातो.

आता वरचा, विटेत खोचायचा पत्रा. दरजेत २५ मिलिमीटर, खालच्या पत्र्यावर किमान ७५ मिलिमीटर लोंबता. शिसे वापरत असाल तर १.८ मिलिमीटर जाडीचे, आणि एक तुकडा दीड मीटरपेक्षा लांब नको. तापमानात ५० अंशांचा फरक पडला की तेवढा तुकडा दोन मिलिमीटरने वाढतो. जागा मिळाली नाही तर सुरकुततो आणि सुरकुतीवर चिरतो. ॲल्युमिनियम ओल्या चुना-सिमेंटला लागले की खाल्ले जाते, म्हणून दरजेत उघडे ॲल्युमिनियम नको. तांबे आणि जस्ताचा पत्रा एकमेकांना लागू देऊ नका. तांब्यावरून आलेले पाणीसुद्धा जस्त खाते.

फ्लॅशिंगवर आधीच डांबर फासलेले दिसले तर ते जुन्या गळतीचे प्रमाणपत्र समजा. डांबर पावसाळ्यापुरती तात्पुरती मलमपट्टी म्हणून चालते. उन्हाने ते कडक होऊन तडकते, मागे पाणी कोंडते आणि पुढच्या माणसाला दोष दिसू देत नाही.

जलरोधक फवारा

हे काम शेवटचे, आणि विटा खरोखर पाणी पीत असतील तरच. विटेवर पाणी शिंपडा. थेंब ओघळून गेले तर गरज नाही, वीट लगेच गडद झाली तर आहे. नव्या दरजांना २८ दिवस होऊ द्या. सिलेन-सिलॉक्सेनचा, वाफ जाऊ देणारा द्राव घ्या. चकचकीत थर धरणारा रंग किंवा ॲक्रिलिक सीलर नको, तो आतली ओल आतच अडवतो. कौले आणि फ्लॅशिंग झाका. कमी दाबाच्या पंपाने खालून वर फवारा, द्राव वीसेक सेंटिमीटर खाली ओघळेल इतका. पहिला हात ओला असतानाच दुसरा द्या. पहिला सुकू दिला तर दुसरा आत शिरतच नाही.

वापरात नसलेले धुराडे

वरून काँक्रीटने आणि खालून विटांनी पक्के बंद केलेले धुराडे न गळताही ओले राहते, कारण आतल्या हवेला वाट नसते. वर पाऊस अडवणारी पण हवा सोडणारी टोपी आणि खाली, बंद केलेल्या फायरप्लेसच्या जागी, एक जाळी एवढे पुरते. बंद करण्याआधी काजळी झाडून घ्या. काजळी पाणी धरून ठेवते आणि वास सोडते.

दुरुस्ती झाल्यावर छताचा डाग लगेच रंगवू नका. पेन्सिलने त्याची कड आखा, बाजूला तारीख लिहा आणि दोन मोठे पाऊस, त्यांतला एक झडीचा, जाऊ द्या. जाड भिंत आत पुरती सुकायला महिने घेते, तेव्हा पहिल्या पावसात थोडी ओल दिसली म्हणून पुन्हा सीलंट हातात घेऊ नका. डाग पेन्सिलच्या रेघेच्या आत राहतो की बाहेर येतो, तेवढे पाहा. आत राहिला आणि हाताला कोरडा लागला की डाग दाबणारा प्रायमर एक हात, मग रंग.